सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन: साठ माणसांच्या मंडळीला ही संलग्नता कशी पडते

अमेरिकेच्या दक्षिणेत एखादा तरुण पाळक पहिलीच मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, हाती घेतो, तेव्हा रविवारी समोर साठेक माणसं असतात आणि दारावरच्या पाटीवर ‘बॅप्टिस्ट’ हा शब्द त्याच्या जन्माआधीपासून रंगवलेला असतो. वर्ष संपायच्या आत एखादा डीकन, म्हणजे मंडळीचा पदाधिकारी, विचारतोच, त्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनला, बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या राष्ट्रीय संघटनेला, आपण दरमहा पैसे पाठवतो ते कशासाठी? हे परीक्षण त्या पाळकासाठी आणि त्याच्या खजिनदारासाठी. मत आधीच सांगून टाकू: छोट्या मंडळीने संलग्नता जरूर ठेवावी. पण कन्व्हेन्शनच्या जूनमधल्या वार्षिक सभेच्या बातम्या वाचून तिची किंमत ठरवू नये. तिचं मोल एकत्र टाकलेल्या पैशात आणि असोसिएशनमध्ये, म्हणजे जवळपासच्या मंडळ्यांच्या संघात, आहे.

मराठी ख्रिस्ती वाचकाच्या डोळ्यांपुढे रचनेचं वेगळं चित्र असतं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात काही बॅप्टिस्टही सामील झाले. तिथे बिशप असतात, पाळकांच्या बदल्या होतात. सदर्न बॅप्टिस्टांकडे बिशप नाही आणि बदलीही नाही. पाळकाला मंडळी मतदान करून बोलावते, पाळकपदाची दीक्षाही मंडळीच देते, इमारतीचे कागद मंडळीच्या नावावर असतात. असोसिएशन, राज्य कन्व्हेन्शन आणि राष्ट्रीय कन्व्हेन्शन असे तीन थर दिसतात खरे, पण कोणी कोणाचा साहेब नाही. मंडळीचं प्रत्येकाशी स्वतंत्र नातं असतं. नवे पाळक इथेच चुकतात. असोसिएशनमध्ये आहोत म्हणजे राष्ट्रीय कन्व्हेन्शनमध्येही आपोआप आहोत, असं ते धरून चालतात.

आता पैसे. कोऑपरेटिव्ह प्रोग्रॅम, म्हणजे सगळ्या मंडळ्यांनी मिळून टाकायचा एकच निधी, १९२५ साली मेम्फिसच्या सभेत सुरू झाला. त्याआधी प्रत्येक संस्था आपापल्या कामासाठी मंडळ्यांकडे वेगवेगळी वर्गणी मागायची. समजा मंडळीचं विशिष्ट कारण न लिहिलेलं अर्पण वर्षाला १,२०,००० डॉलर आहे आणि मंडळीच्या सभेने त्यातले ६ टक्के पाठवायचं ठरवलं. म्हणजे वर्षाचे ७,२०० डॉलर, महिन्याला ६०० चा एक चेक, राज्य कन्व्हेन्शनच्या नावाने. राज्य कन्व्हेन्शन आपला वाटा ठेवून घेतं. हा वाटा राज्यागणिक बदलतो. तो ५५ टक्के धरला, तर ३,९६० डॉलर राज्यात राहतात आणि ३,२४० राष्ट्रीय कन्व्हेन्शनच्या नॅशव्हिल कार्यालयाला जातात. त्यातले साधारण निम्मे, म्हणजे १,६२० च्या आसपास, इंटरनॅशनल मिशन बोर्डाला मिळतात. उरलेल्यातला मोठा भाग नॉर्थ अमेरिकन मिशन बोर्ड आणि पाळक घडवणाऱ्या सहा सेमिनऱ्यांकडे जातो. सदर्न बॅप्टिस्ट मंडळीच्या विद्यार्थ्याला या सेमिनऱ्यांत शुल्क कमी पडतं, त्यामुळे पाळक स्वतः शिकत असेल तर त्या चेकमधलं थोडंसं त्याच्याच घरी परत येतं.

नाताळचं लॉटी मून अर्पण परदेशी मिशनला जातं आणि ईस्टरचं ॲनी आर्मस्ट्राँग अर्पण उत्तर अमेरिकेतल्या कामाला. दोन्ही खाती कोऑपरेटिव्ह प्रोग्रॅमपासून वेगळी ठेवायची. खजिनदाराने सगळं एकाच रकमेत मिसळलं आणि सोबतच्या चिठ्ठीवर फोड लिहिली नाही, की वर्षाअखेरीचे आकडे जुळत नाहीत आणि वार्षिक अहवालाचा फॉर्म चुकीचा भरला जातो.

छोट्यांनी एकत्र टाकायची ही रीत जुनी आहे. २ ऑक्टोबर १७९२ ला इंग्लंडमधल्या केटरिंगला मूठभर बॅप्टिस्ट पाळक जमले आणि त्यांनी १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्सची वर्गणी लिहून दिली. त्या मिशन सोसायटीने पाठवलेला विल्यम कॅरी बंगालात पोचला आणि १८०५ साली त्याचं मराठी व्याकरण छापून झालं. कॅरी सदर्न बॅप्टिस्ट नव्हता. पण आपली मराठी जेव्हा छापखान्यात शिरत होती, तेव्हाच्या खर्चात असल्याच छोट्या मंडळ्यांचा हात होता, हे विसरू नये.

मताचा हिशेब छोट्या मंडळीला चांगलाच धार्जिणा आहे. सहकार्य करणाऱ्या प्रत्येक मंडळीला वार्षिक सभेत दोन मेसेंजर, म्हणजे मत देणारे प्रतिनिधी, मिळतात. मंडळीच्या विशिष्ट कारण न लिहिलेल्या अर्पणातला प्रत्येक पूर्ण टक्का दिला की एक वाढतो, किंवा दर ६,००० डॉलरमागे एक; कमाल बारा. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या मंडळीला टक्क्यांच्या हिशेबाने आठ मेसेंजर मिळतात आणि हजारोंच्या मंडळीलाही बाराच्या वर जाता येत नाही. मात्र मेसेंजर त्याच मंडळीचा सभासद हवा, मंडळीने निवडलेला हवा आणि मत द्यायला सभागृहात हजर हवा. प्रवास आणि हॉटेलचा खर्च मंडळीचा. म्हणून आठ जागा कागदावरच राहतात आणि जातात दोघं, बहुधा पाळक आणि त्याची बायको.

पाळकाच्या स्वतःच्या पैशाचा विषय इतका महत्त्वाचा आहे की इथे जरा थांबू. गाइडस्टोन ही कन्व्हेन्शनची निवृत्ती आणि विम्याची संस्था १९१८ पासून आहे. तिच्या चर्च योजनेत साठवलेल्या पैशाचा मोठा फायदा निवृत्तीनंतर कळतो, कारण काढलेली रक्कम घरभत्ता म्हणून दाखवता येते आणि तेवढ्यावर आयकर लागत नाही. खूप कमी पगारात निवृत्त झालेले पाळक आणि त्यांच्या विधवा यांच्यासाठी मिशन डिग्निटी नावाची मदतही तिथूनच जाते.

पण नोकरीत असतानाचा घरभत्ता मंडळीने आधी ठराव करून सभेच्या इतिवृत्तात नोंदवावा लागतो. मार्चमध्ये ठराव केला तर जानेवारी-फेब्रुवारीचा भत्ता गेलाच, मागच्या तारखेने तो लागू होत नाही. करमुक्ती मिळते ती ठरवलेला भत्ता, प्रत्यक्ष खर्च आणि सामानासकट घराचं वाजवी भाडं अधिक वीज-पाण्याची बिलं, या तिघांतल्या सगळ्यात लहान आकड्याइतकीच. दुसरी चूक खजिनदाराकडून होते. आयकरासाठी पाळक नोकरदार असतो, त्याला डब्ल्यू-२ हा पगाराचा फॉर्म मिळतो. पण सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्ती योजनेच्या करासाठी तो स्वयंरोजगारी धरला जातो. त्याच्या पगारातून इतर कर्मचाऱ्यांसारखे ७.६५ टक्के कापायचे नाहीत. पगार आणि घरभत्ता मिळून त्याने स्वतः १५.३ टक्क्यांच्या दराने कर भरायचा, तोही एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या हप्त्यांत. हे माहीत नसलेला तरुण पाळक पहिल्याच एप्रिलमध्ये कर्जात जातो.

न मिळणाऱ्या गोष्टीही स्पष्ट सांगायला हव्यात. मंडळीने बुधवारच्या सभेत मतदान करून पाळकाला काढलं, तर वर दाद मागायला जागा नाही. बिशप नसल्याचा हा दुसरा अर्थ. म्हणून बोलावण्याच्या पत्रातच किती महिन्यांचा पगार देऊन निरोप द्यायचा ते लिहून घ्यावं.

इतिहासही झाकायचा नाही. १८४५ साली ऑगस्टा इथे हे कन्व्हेन्शन जन्मलं ते गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी होता यावं या वादातून, आणि त्याबद्दल माफीचा ठराव यायला १९९५ उजाडलं. मे २०२२ मध्ये लैंगिक अत्याचारांविषयीचा स्वतंत्र चौकशी अहवाल आला. वरिष्ठांनी पीडितांची गाऱ्हाणी वर्षानुवर्षं दाबली आणि ‘प्रत्येक मंडळी स्वायत्त आहे’ हीच ढाल पुढे केली, हे त्यात उघड झालं. इतकी वेदना देणारी गोष्ट या संप्रदायात दुसरी नाही. छोट्या मंडळीने वरून काही येईल म्हणून वाट बघू नये. मुलांच्या प्रत्येक खोलीत नात्यात नसलेले दोन प्रौढ, दाराला काच, सहा महिने सभासद झाल्याशिवाय मुलांचं काम नाही, गुन्हे-नोंदींची तपासणी, आणि उमेदवाराच्या आधीच्या मंडळीला प्रत्यक्ष फोन. शेवटचं काम सगळ्यात जास्त टाळलं जातं, आणि धोक्याचा माणूस पकडला जातो तोही बहुधा त्याच फोनवर.

स्त्री-पाळकांवरून तर सभेत वाद चालूच आहेत. २०२३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सभेत, स्त्री-पाळकावरून कन्व्हेन्शनबाहेर काढलेल्या सॅडलबॅक चर्चचं अपील फेटाळलं गेलं. २०२४ मध्ये इंडियानापोलिसला त्याच विषयावरची घटनादुरुस्ती दोन-तृतीयांश मतांअभावी पडली. मंडळीत यावर प्रश्न येणारच, तेव्हा पाळकाने बॅप्टिस्ट फेथ अँड मेसेज हा कन्व्हेन्शनचा २००० चा विश्वासाचा जाहीरनामा स्वतः वाचलेला असावा.

आता असोसिएशन. अमेरिकेतलं पहिलं बॅप्टिस्ट असोसिएशन १७०७ साली फिलाडेल्फियात झालं, म्हणजे कन्व्हेन्शनपेक्षा ते कितीतरी जुनं. पाळक आजारी पडला तर रविवारचा उपदेश कोण करणार, सुट्टीतल्या बायबल शाळेला शिक्षक कमी पडले तर कुठून आणायचे, वादळाने छपरावर झाड पडलं तर पिवळ्या टोप्यांतली मदतपथकं करवत घेऊन कोणाच्या सांगण्यावरून येतात, ही उत्तरं इथल्या ओळखींतून मिळतात. महिन्याच्या पाळक-बैठकीला मात्र जावं लागतं. नोकरी करून मंडळी सांभाळणाऱ्याला सकाळची वेळ जमत नाही. त्याने असोसिएशनच्या संचालकाला फोन करून संध्याकाळची किंवा शनिवारची बैठक मागावी. हा फोन पहिल्या महिन्यातच करावा, मदत लागायच्या आधी.