तीन चेनचे पैसे, एकच चेन नवी

गेल्या हिवाळ्यात माझ्या आडव्या सायकलच्या कामात मी १६,८०० रुपयांना फसलो. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की फसवणारा माणूस अडाणी नव्हता. त्याला या सायकलची खडान्‌खडा माहिती होती आणि त्या माहितीच्याच जोरावर त्याने मला गंडवलं. अशा सायकली आपल्याकडे मोजक्या लोकांकडे आहेत. त्या मोजक्यांपैकी कुणाचं तरी सामान आत्ताही त्याच्या टेबलावर असेल, या विचाराने झोप लागत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी अमळनेरचा. कमरेतली चकती सरकल्यावर डॉक्टरांनी साधी सायकल बंद केली. दोन वर्षं सायकलशिवाय काढली आणि मग एक जुनी आडवी सायकल मिळाली. पाठ टेकून बसायचं, पाय पुढे, पायडल पुढच्या चाकाच्याही पुढे. पहिल्या दिवशी बोरी नदीच्या पुलावर एका पोराने ओरडून विचारलं, "भाऊ, आडं पडीसन कथा चालनात?" म्हणजे आडवं पडून कुठे निघालात? त्या दिवशी पारोळ्यापर्यंत जाऊन आलो आणि कंबर दुखली नाही. ही सायकल माझ्यासाठी काय आहे ते यावरून कळेल.

पण हिचे सुटे भाग दुकानात टांगलेले नसतात. त्याला जुना इतिहास आहे. १९३३ मध्ये पॅरिसला फ्रान्सिस फॉर या स्वाराने शार्ल मोशेने बनवलेल्या आडव्या सायकलवर तासाला ४५.०५५ किलोमीटरचा विक्रम केला. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने हा प्रकार शर्यतींतूनच बाहेर काढला. शर्यत नाही म्हणून मोठे कारखाने नाहीत, कारखाने नाहीत म्हणून सुटे भाग नाहीत, आणि शेवटी "मला हे काम येतं" म्हणणाऱ्या एखाद्याच माणसाच्या हातात आपण जाऊन पडतो. मीही तसाच पडलो.

या सायकलचं मुख्य दुखणं म्हणजे चेन. पायडल पार पुढे आणि ओढायचं चाक मागे, त्यामुळे साध्या सायकलच्या अडीच चेन एकमेकींना जोडाव्या लागतात. माझ्या सायकलला २८२ कड्या लागतात, म्हणजे साडेतीन मीटरच्या वर. ही लांबच लांब चेन सीटखालच्या आयडलर पुलीवरून, म्हणजे चेनला नुसतं वळण देणाऱ्या चाकावरून, वळते आणि बराचसा भाग प्लॅस्टिकच्या नळीतून जातो, पायाला तेल लागू नये म्हणून. आपल्या काळ्या मातीची धूळ त्या नळीच्या तोंडाशी तेलात कालवली जाते आणि तिची पॉलिश पेपरसारखी पेस्ट होते. मी दर महिन्याला नळीतून चिंधी ओढून काढतो, तरी नऊ हजार किलोमीटरनंतर चेन करकरायला लागली आणि पुलीचं बेअरिंग गुरगुरायला लागलं. म्हटलं, एकदाच नीट खर्च करावा. तिन्ही चेन, मागची नऊ गिअरची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) आणि चांगली दातेरी पुली, सगळं नवं टाकून घ्यावं.

सायकलवाल्या मित्रमंडळींतून एका मोठ्या शहरातल्या या माणसाचा नंबर मिळाला. व्हिडिओ कॉलवर त्याने पुढच्या दांड्याची लांबी विचारली, पायाचं माप विचारलं, नळी एका टोकालाच बांधलीय ना आणि दुसरं टोक मोकळं आहे ना, हेही विचारलं. असे नेमके प्रश्न मला तोवर कुणी विचारले नव्हते. मी तिथेच विरघळलो. हिशेब त्याने चोख दिला: तीन चेनचे ४,२००, कॅसेट २,६००, परदेशी दातेरी पुली ६,५००, मजुरी ३,५००. दहा हजार आधी यूपीआयने, उरलेले ६,८०० सायकल निघण्यापूर्वी. ट्रान्सपोर्टने सायकल गेली आणि तीन आठवड्यांनी आली.

मधल्या काळात तीन गोष्टी घडल्या आणि तिन्ही वेळा मी गप्प बसलो. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा लागेल. जुने भाग परत पाठवा म्हटलं तर, "ते भंगारात जातात सर, उगाच पार्सलचं वजन वाढेल." आणि नव्या भागांचे फोटो आले ते खोक्यांचे, सायकलवर बसवलेल्या भागांचे नाहीत. ही तीन वाक्यं तुम्हाला कुणाकडून ऐकू आली तर पैसे तिथेच थांबवा.

सायकल आली ती चकचकीत. पुलीला दाते नव्हते. विचारलं तर म्हणाला, नव्या मॉडेलला दाते नसतात, आवाज कमी होतो. बिनदात्यांच्या पुल्या असतात हे खरंच आहे, म्हणून मी मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी पारोळा रस्त्यावरच्या एका चढाला जोर लावला आणि मागे कडाक्‌ झालं. चेन दातावरून उडाली. पुन्हा कडाक्‌. मग शांत. मग पुन्हा. गिअर बदलून पाहिला, तेच. उडण्याला एक ताल आहे असं जाणवलं म्हणून पायडलच्या फेऱ्या मोजायला लागलो. साधारण अडीच फेऱ्या चेन उडायची, पुढच्या पावणेचार फेऱ्या बिनबोभाट जायच्या, की परत तेच. घरी येऊन वहीत आकडे मांडले. पुढच्या चाकीला ४४ दाते, चेन २८२ कड्यांची, म्हणजे पूर्ण चेन एकदा फिरून यायला ६.४ फेऱ्या. एका चेनच्या ११६ कड्यांना लागतात २.६ फेऱ्या. आकडा समोर आला तेव्हा हात गार पडले. साडेतीन मीटरमधला बरोबर एका चेनइतकाच तुकडा बाकीच्या चेनशी जुळत नव्हता.

सकाळी सायकल घेऊन आमच्या भागातल्या आबांच्या दुकानात गेलो. आबांनी चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्यात. त्यांच्याकडे मी हे काम नेलं नव्हतं, कारण त्यांना ही सायकल कळणार नाही असं मीच परस्पर ठरवून टाकलं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी नळ्या सैल केल्या, चेन उघडून फरशीवर लांब पसरली, डिझेलच्या फडक्याने पुसली आणि वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "हाई चेन दोन जातनी शे, भाऊ."

खरंच होतं. एका तुकड्यावर कंपनीचं नाव ठसठशीत, पिनांची डोकी कोरी. बाकीच्या १६६ कड्यांवरचं नाव झिजून पुसट झालेलं, बाजूच्या पट्ट्यांवर नळीला घासल्याच्या लांब रेघा. ती माझीच जुनी चेन होती, धुऊन परत बसवलेली. आबांनी स्टीलची पट्टी लावली. नव्या तुकड्यावर एका पिनेपासून पुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंत नेमके १२ इंच. जुन्यावर तेवढ्याच कड्यांना १२ इंचांच्या वर दोन सूत, म्हणजे पाव इंच. चेन अर्धा सूत वाढली की बदलायची असते, एक सूत वाढेपर्यंत तिने कॅसेटचे दातेही खाल्लेले असतात. कॅसेट माझीच होती, नुसती घासून चकाकवलेली. झिजलेली चेन झिजलेल्या दात्यांवर आरामात बसायची, म्हणून त्या पावणेचार फेऱ्या शांत जायच्या. नव्या चेनला ते दाते सोसायचे नाहीत. म्हणजे जो भाग बिचारा नवा होता, तोच उडत होता.

आणि पुली? शेजारच्या लेथवाल्या दादांनी ती हातात फिरवली आणि म्हणाले, हे सरकत्या गेटचं चाक आहे. आत ६०८ नंबरचं साधं बेअरिंग, बाहेर रुळावर चालण्याची खाच. पायडलवर तीस किलोचा जोर दिला तर माझ्या सायकलच्या चेनमध्ये साठ किलोच्या आसपास ताण येतो, आणि अशी ताणलेली चेन वळवण्याचा भार ही पुली अंगावर घेते. एकाच रपेटीत खाचेला चरा पडला होता. माझी मूळ ॲल्युमिनियमची पुली, जिचं फक्त बेअरिंग गेलं होतं, त्याने ठेवून घेतली. तीही बहुधा कुणाला तरी 'परदेशी' म्हणून विकली जाईल.

फोन केला तर आधी म्हणाला, ट्रान्सपोर्टमध्ये कुणीतरी बदललं असेल. पट्टी लावलेले फोटो पाठवले, तेव्हापासून नंबर ब्लॉक.

बिल नाही म्हणजे काहीच करता येत नाही असं मला वाटत होतं. तसं नाही. हिशेबाचा मेसेज, यूपीआयची नोंद आणि ट्रान्सपोर्टची बिल्टी, हे तिन्ही पुरावेच आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार द्यायची. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, मग नोटीस पाठवली. ती परत आली. आता जळगावच्या आयोगात तक्रार दाखल आहे.

सायकल बाहेर पाठवणं भागच असेल तर आधी माझं ऐका. पाठवण्यापूर्वी चेनच्या कड्या मोजून घ्या आणि तो आकडा मेसेजमध्ये लिहून मागा. जुन्या चेनवर दर हातभर अंतराने एका कडीला नेलपॉलिशचा ठिपका द्या, कॅसेटच्या आणि पुलीच्या आतल्या बाजूलाही द्या. जुने भाग पिशवीत घालून परत हवेत हे आधीच ठरवा. सायकल आली की पायडल हाताने फिरवून सगळी चेन नळीबाहेर काढून बघा, आणि पट्टी एका जागी लावून समाधान मानू नका, तीन जागी लावा. मला दिसत होता तो भाग नवाच होता. जुना भाग त्याने नळीत सरकवून पाठवला होता. वीस इंची पुढचा टायर मागवणार असाल तर एवढंच बघा की रिमवर ४०६ लिहिलंय की ४५१. दोन्हींना दुकानदार वीस इंचीच म्हणतात, आणि एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. या सायकलची चेन, कॅसेट, ब्रेक, गिअरच्या तारा हे सगळं साध्या गिअरच्या सायकलचंच असतं. वेगळं काय, तर पुली, नळ्या आणि पुढचा दांडा. तिन्ही चेन आणि कॅसेट मला धुळ्याच्या दुकानात मिळाली, छापील किमतीला, पक्क्या बिलासकट. पुली लेथवाल्या दादांनी डेलरिन नावाच्या टणक प्लॅस्टिकच्या गोल दांड्यातून कातून दिली, मधोमध चेन बसेल एवढी खाच आणि दोन्ही बाजूंना रबर सीलचं बेअरिंग. मजुरी सांगायला आबा तयारच नव्हते, बळेच पैसे ठेवून आलो.

चेन जोडताना आबांनी एकेक कडी मोजून मला मोठ्याने म्हणायला लावली. तीन चेनच्या मिळून ३४८, लागल्या २८२, उरल्या ६६. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की त्या माणसाने खरंच तीन चेन लावल्या असत्या, तर एवढाच तुकडा मला परत यायला हवा होता, आणि मी तो मागितलाही नव्हता. आबांनी तो तुकडा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. आता तो दारामागच्या खिळ्याला टांगलेला आहे.