मॅनिफोल्ड प्रेशरचं डिजिटल मीटर: आठ महिन्यांचा अनुभव, आणि सोबत आलेली ती नळी

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मीटरवर 29.2 इंच (पाऱ्याचे, दाब मोजायचं एकक) दिसले आणि मी इंजिन बंद केलं. थ्रॉटल पूर्ण होता, विमानाचं शेपूट निंबाच्या झाडाला दोराने बांधलेलं होतं. तसा 29.2 हा आकडा पाहून कुणी दचकणार नाही. पण आमचं इंजिन रोटॅक्स 912 यूएलएस, त्याला टर्बो नाही, आणि धुळ्यात त्या सकाळी बाहेरच्या हवेचाच दाब 28.8 इंच होता. इंजिन हवा ओढून घेतं. बाहेर आहे त्यापेक्षा जास्त दाब मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपात, येणार कुठून?

मीटर डिसेंबरात घेतलं, 18,500 रुपयांना. पॅनेलवर छोटा डिस्प्ले आणि वेगळा सेन्सर, त्यात एमपीएक्स 4115 ची चिप. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला भांडण वाढवायचं नाही, दुरुस्ती हवी आहे. विमान अजून उडालेलं नाही, परवानगीची कागदपत्रं चालू आहेत. तोवर दर रविवारी इंजिन जमिनीवर चालवतो.

हे मीटर हवंच कशाला, असं कुणी विचारेल. पंख्याचं पिच, म्हणजे पात्यांचा कोन, पक्कं असेल तर आरपीएमवर काम भागतं, हे मला मान्य आहे. पण आमचा पंखा कॉन्स्टंट स्पीडचा आहे, त्यात गव्हर्नर नावाचं यंत्र हा कोन आपोआप बदलतं. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायला लागला तरी गव्हर्नर पिच कमी करून आरपीएम तेवढाच ठेवतो. थ्रॉटलला हात न लावता आकडा हळूहळू उतरताना दिसतो तो फक्त मॅनिफोल्ड प्रेशरमध्ये. पावसाळ्यातल्या दमट हवेत पंचवीस डिग्रीलाही हे होऊ शकतं. म्हणून या मीटरबद्दल मी इतका हट्टी आहे.

पहिले दोन महिने मी मीटरवर खूश होतो. जानेवारीत इंजिन बंद असताना ते 29.1 दाखवायचं, मे मध्ये 28.8. मला वाटलं सेन्सर सरकला. मग मोबाईलमधला बॅरोमीटर पाहिला: जानेवारीच्या माझ्या नोंदीत 987 हेक्टोपास्कल, मे मध्ये 975. इंच करायला त्याला 33.86 ने भागलं की नेमके हेच आकडे येतात. धुळं समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास आहे, आणि उन्हाळ्यात हवेचा दाब उतरतोच. म्हणजे मीटर खरं बोलत होतं. इंजिन बंद असताना मीटर आणि मोबाईल जुळवून पाहायचे, एवढी ओळ माहितीपत्रकात असायला हवी होती. ती नाही.

मग 29.2 कसे आले? हेल्पलाइनवर फोन केला तर उत्तर आलं, "सर, इंजिन तपासून घ्या." दुसऱ्यांदा फोन केला तर सेन्सर मागवून घेतला. कुरिअरचे 640 रुपये माझे गेले, आणि अकरा दिवसांनी सेन्सर 'ओके' शिक्का मारून परत आला. अकरा दिवस इंजिन झाकून ठेवलेलं. खरंच फार राग आला होता.

दोष सापडला तो आमच्याकडे काम करणाऱ्या पोरामुळे. इंजिन बंद होतं, मी पेट्रोलची गळती पाहायला इलेक्ट्रिक पंप सुरू केला. तो पॅनेलकडे बघत म्हणाला, "दादा, पंप चालू कया का आकडा वाढस." पंप बंद: 28.8. पंप चालू: 30.1. पुन्हा बंद: 28.8. आम्ही दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच.

मल्टिमीटर लावला. सेन्सरच्या स्वतःच्या अर्थिंगपासून मोजलं तर 3.91 व्होल्ट, म्हणजे 975 हेक्टोपास्कलला यायला हवेत तेवढेच. डिस्प्लेच्या अर्थिंगपासून मोजलं तर 4.11. मधले 0.2 व्होल्ट पंपाचे. सेन्सर आणि पंप यांची अर्थिंग एकाच वायरने इंजिनच्या बॉडीवर एकाच बोल्टखाली गेली होती, आणि त्या बोल्टखालचा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) काळा पडला होता. पंपाचा करंट त्यातून गेला की सेन्सरचं शून्यच वर उचललं जायचं. या चिपला 0.2 व्होल्ट म्हणजे 1.3 इंच. त्या रविवारी खरे 27.9 होते, दिसले 29.2.

जोडणी माझी होती, लगही माझा. पण माहितीपत्रकातल्या चित्रात सेन्सरची काळी वायर इंजिनच्या बॉडीवरच दाखवली आहे. ती सरळ डिस्प्लेच्या अर्थिंगवर आणायला हवी. आता तशी आणली आहे, आणि पंप चालू-बंद केला तरी आकडा दशांशानेही हलत नाही. हा 1.3 इंचाचा फरक किरकोळ समजू नका. रोटॅक्सच्या कोष्टकात 5000 आरपीएमला 26 इंच म्हणजे पंचाहत्तर टक्के ताकद. तुम्ही 26 लावून निश्चिंत बसाल आणि इंजिनात प्रत्यक्षात 24.7 असतील.

म्हणून सेन्सरबद्दलचं माझं मत मी बदललं. सेन्सर उत्तम आहे. हेल्पलाइनवर बोलताना मी त्याला भंगार म्हणालो होतो, ते शब्द मागे घेतो.

नळीबद्दल मात्र मत बदललेलं नाही. साडेअठरा हजारांच्या वस्तूसोबत त्यांनी माशांच्या टाकीला लावतात तसली पारदर्शक प्लास्टिकची नळी दिली आहे. एप्रिलमध्ये आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती मऊ पडून मध्येच लोंबली. त्या झोळात पेट्रोलचे थेंब साचले आणि थ्रॉटल हलवल्यावर आकडा दोन-तीन सेकंद उशिरा यायला लागला. जूनमध्ये तीच नळी पिवळी, कडक झाली, आणि निपलच्या तोंडाशी केसाएवढी चीर पडली. त्या चिरेतून हवा आत शिरायची, आयडलला इंजिन खडबडायचं, आणि मी कार्ब्युरेटरचं बॅलन्सिंग दोनदा करून बसलो.

चीर डोळ्यांना दिसली नव्हती. मेडिकलमधून 50 मिलीची सिरिंज आणली, मॅनिफोल्डकडचं टोक काढून त्यात बसवलं आणि दट्ट्या ओढून मीटर 15 इंचांवर आणलं. दट्ट्या धरून ठेवला तरी आकडा चढत गेला: 16, 18, 21. नवी पेट्रोलची काळी रबरी नळी लावून तेच केलं, पाच मिनिटं 15 वर स्थिर. नवी नळी इंजिनापासून सेन्सरपर्यंत सतत चढती ठेवली आहे, म्हणजे थेंब झाला तरी उलट इंजिनाकडेच जाईल.

आणि खोक्यात रिस्ट्रिक्टर, म्हणजे नळीची वाट अरुंद करणारा बारीक भोकाचा तुकडा, नाही. आयडलला आकडा 11 ते 14 च्या मध्ये नाचायचा, कारण प्रत्येक सिलिंडरच्या ओढीचा झटका तसाच सेन्सरपर्यंत पोहोचतो. आग्रा रोडवरच्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानातून स्कूटरच्या कार्ब्युरेटरचा पितळी जेट आणला, 60 रुपये. अवधान एमआयडीसीतल्या लेथवाल्याने त्याला पितळेचा होल्डर कातून दिला. उजेडात धरला तर जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं दिसतं. तो मॅनिफोल्डच्या अगदी जवळ बसवला आणि आकडा 12.4 वर थांबला. त्याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो: उद्या हवेत नळी निसटली तरी एवढ्याशा भोकातून इंजिनात फारशी हवा शिरणार नाही. साठ रुपयांची ही वस्तू खोक्यात न टाकणं मला अजूनही पटत नाही.

घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, या किमतीत एवढा अचूक सेन्सर मला दुसरा मिळाला नाही. पाचपैकी साडेतीन. नळीसाठी एक आणि हेल्पलाइनसाठी अर्धा कापला. पिवळी पडलेली नळी चिरेसकट पाकिटात घालून गेल्या आठवड्यात कंपनीला पाठवली आहे, सोबत जेटचा फोटो आणि अर्थिंगचं दुरुस्त केलेलं चित्र. या वेळी कुरिअरचे पैसे मी आनंदाने भरले. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.