रात्री अकराला 'वाय' कोण दाबणार? एक्स्पेक्ट आणि पीएक्स्पेक्ट वापरून बघितलं त्याचा रिव्ह्यू

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो, म्हणजे प्रिंटर अडकला तरी मी आणि सर्व्हर बसला तरी मीच. पेढीवर हिशेबाचा एक जुना प्रोग्रॅम आहे, लिनक्सवर चालतो, काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, माउस वगैरे काही नाही, आणि बनवणारा आता फोन उचलत नाही. पण अडत, तोलाई, हमाली सगळं चोख लागून पट्टी निघते म्हणून मालक तो बदलायला तयार नाहीत, आणि खरं सांगू का, मी पण नाही.

अडचण एकच, रात्री दिवस बंद करायचा म्हटलं की हा प्रोग्रॅम प्रश्न विचारत बसतो. दिवस बंद करू का, वाय (हो) की एन (नाही). बॅकअप कुठल्या फोल्डरला. जुना बॅकअप आहे, वर लिहू का, वाय की एन. मग एंटर दाबा. नवीन हळदीची आवक सुरू झाली की पट्ट्या होईस्तोवर साडेदहा-अकरा वाजतात आणि त्यानंतर आमच्या दिवाणजी आप्पांना हे प्रश्न आवरायला परत खुर्चीत बसावं लागतं. एक दिवस म्हणाले, "अरे पोरा, एवढी मशिनं आणली तुम्ही, हे वाय दाबायला पण माणूसच लागतोय व्हय रं?"

मग मी हुशारी केली. लिनक्समध्ये येस नावाची एक कमांड असते, ती थांबवेपर्यंत फक्त वाय वाय वाय ओकत राहते. ती पाइपनं, म्हणजे एकानं छापलेलं थेट दुसऱ्याला टाइप केल्यासारखं मिळावं अशी, प्रोग्रॅमला जोडली, फोल्डरचं नाव एका सेटिंगच्या फाईलमध्ये टाकता येत होतं ते टाकलं आणि क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीला, रात्री साडेअकराची वेळ लावली. बारा दिवस मस्त चाललं. तेराव्या दिवशी मधेच लाईट गेली, यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली, सर्व्हर बंद होऊन परत उठला, आणि प्रोग्रॅमनं आजवर कधी न विचारलेला प्रश्न विचारला, की अर्धवट बंद झालेला दिवस सापडलाय, पुसून नव्यानं सुरू करू का. येस म्हणाली वाय. त्रेचाळीस पट्ट्या साफ. आप्पांनी कच्च्या चिठ्ठ्यांवरून दोन दिवस बसून सगळं परत टाइप केलं, मला एक शब्द बोलले नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

तेव्हा अक्कल आली की उत्तर देणारा पाहिजेच, पण आधी प्रश्न वाचणारा पाहिजे. आणि नेमकं तेच एक्स्पेक्ट नावाचं टूल करतं. डॉन लिब्स नावाच्या माणसानं अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत असताना ते लिहिलं, १९९० पासून आहे, टीसीएल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर उभं आहे आणि फुकट आहे. चार शब्द शिकले की निम्मं काम झालं. स्पॉन म्हणजे प्रोग्रॅम सुरू कर, एक्स्पेक्ट म्हणजे हे अक्षर दिसेपर्यंत थांब, सेंड म्हणजे हे टाइप कर, आणि इंटरॅक्ट म्हणजे आता कीबोर्ड माणसाच्या हातात दे.

ह्यातली खरी करामत म्हणजे ते साधा पाइप वापरत नाही, प्रोग्रॅमला खोटं टर्मिनल (समोर माणूस स्क्रीन-कीबोर्ड घेऊन बसलाय असा भास) दाखवतं, ज्याला स्यूडो टर्मिनल म्हणतात. हे का लागतं ते मला आधी कळलंच नव्हतं. बरेच प्रोग्रॅम समोर टर्मिनल आहे का पाइप ते तपासतात आणि पाइप दिसला की लिहिलेलं लगेच बाहेर न टाकता बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, साठवतात. म्हणजे प्रश्न विचारून झालेला असतो पण तुमच्या स्क्रिप्टला तो दिसतच नाही, प्रोग्रॅम उत्तराची वाट बघतोय, तुम्ही प्रश्नाची, आणि सकाळपर्यंत दोघं एकमेकांकडं बघत बसलेत. एसएसएच (दुसऱ्या मशिनवर लांबून लॉगिन करायची कमांड) तर पासवर्ड स्टँडर्ड इनपुटवरून, म्हणजे पाइप जिथं जोडतो त्या वाटेनं, घेतच नाही, थेट टर्मिनल उघडून विचारतं, त्यामुळं इको कमांडनं छापून पाइपनं पासवर्ड ढकलायचा प्रयत्न केलेल्या सगळ्यांनी डोकं आपटून घेतलेलं असतं. खोटं टर्मिनल असलं की ह्या दोन्ही भानगडी मिटतात.

आता तक्रारी. पहिली संध्याकाळ माझी चौकोनी कंसात गेली. प्रॉम्प्टच्या शेवटी चौकोनी कंसात वाय-एन छापलेलं होतं, मी ते जसंच्या तसं डबल कोटमध्ये टाकलं, आणि टीसीएलमध्ये चौकोनी कंस म्हणजे आतली कमांड चालव. ते बिचारं वाय-एन नावाची कमांड शोधत बसलं आणि अशी कमांडच नाही म्हणून ओरडलं. महिरपी कंसात घातलं तरी सुटका नाही, कारण मग एक्स्पेक्ट त्याला नमुना समजून त्यातलं कुठलंही एक अक्षर शोधतं. शेवटी एक्झॅक्टचा पर्याय लावला आणि भडंगाची अख्खी पुडी संपवून उठलो. दुसरं म्हणजे एंटरसाठी न्यूलाइन नाही, कॅरेज रिटर्न पाठवायचा, कारण कीबोर्डवरचं एंटर टर्मिनलला तेच पाठवतं.

पण सगळ्यात मोठा खड्डा टाइमआउटचा. एक्स्पेक्ट मुळात १० सेकंद थांबतं, आणि तेवढ्यात अपेक्षित मजकूर नाही आला तर, तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल तर, ते गुपचूप पुढच्या ओळीवर जातं. एरर नाही, काही नाही. आमचा दिवस बंद व्हायला सीझनला चाळीस-पन्नास सेकंद लागतात. म्हणजे प्रोग्रॅम अजून आकडेमोड करतोय आणि हे पुढच्या प्रश्नाचं उत्तर आधीच टाइप करून मोकळं, आणि ते उत्तर मग जो प्रश्न आधी येईल त्याला चिकटतं. नशीब हे टेस्टच्या कॉपीवर झालं, नाहीतर आप्पांसमोर परत उभं राहायची माझी हिंमत नव्हती. म्हणून टाइमआउट ३०० करा, आणि टाइमआउट झाला तर काय, प्रोग्रॅम मधेच संपला तर काय, ह्या दोन्ही फांद्या लिहिल्याशिवाय स्क्रिप्ट क्रॉनला लावूच नका.

ऑटोएक्स्पेक्ट म्हणून सोबत एक टूल येतं, तुम्ही एकदा हातानं सगळं करून दाखवायचं आणि ते तुमची स्क्रिप्ट लिहून देतं. ऐकायला भारी. पण ते स्क्रीनवरचं अक्षर न् अक्षर लिहून ठेवतं, आमच्या स्क्रीनवर वर तारीख छापते, तर कालची स्क्रिप्ट आज अडली. सुरुवातीचा सांगाडा म्हणून चालेल, पण नंतर हातानं छाटावं लागतं.

ह्या सगळ्यानंतर मी पायथन भाषेतल्या पीएक्स्पेक्टवर आलो आणि तिथंच थांबलो. कल्पना तीच, पण हे ३० सेकंद थांबतं आणि नाही जमलं तर सरळ एक्सेप्शन, म्हणजे एरर, टाकतं, शेवटी काय वाचलं होतं ते पण सांगतं. मला असं बोंब मारणारं टूलच पाहिजे होतं. शिवाय एका वेळी तीन-चार शक्यतांची यादी देता येते आणि कुठली आली त्याचा नंबर परत मिळतो. आता पहिली शक्यता नेहमीचा प्रश्न, दुसरी तो अर्धवट दिवसाचा प्रश्न, आणि दुसरी आली की एन पाठवून बाहेर पड आणि मला मेल टाक. यादी अशी मूळ एक्स्पेक्टमध्येही देता येते, पण टीसीएलचे कंस मोजण्यापेक्षा मला पायथन बरं. इथंपण कंसाची गंमत आहेच, नमुना रेग्युलर एक्स्प्रेशन (चिन्हांना खास अर्थ असणारा शोधाचा नमुना) धरला जातो म्हणून गोल कंस आणि प्रश्नचिन्ह गोंधळ घालतात, तिथं एक्स्पेक्ट एक्झॅक्ट वापरायचं. आणि लॉगफाईल लावताना फक्त वाचलेलं लिहिणारी लावा, साध्या लॉगफाईलमध्ये तुम्ही पाठवलेला पासवर्डसुद्धा उघडा पडतो.

एक मात्र स्पष्ट सांगतो, एसएसएचचा पासवर्ड टाकायला हे वापरू नका. शिकवणारे व्हिडिओ ढिगानं आहेत, पण तिथं पासवर्डऐवजी ‘की’, म्हणजे किल्लीची फाईल, बनवायची आणि एसएसएचचा बॅचमोड चालू करायचा, म्हणजे प्रश्न विचारायची वेळ आली तर ते न अडकता सरळ फेल होतं. प्रश्न न विचारता चालायला ॲप्टला (सॉफ्टवेअर टाकायची कमांड) डॅश वाय आहे, एफएफएमपेगला (व्हिडिओ-ऑडिओचं टूल) नोस्टडिन आहे, आधी मॅन पेज, म्हणजे कमांडची माहितीपुस्तिका, वाचा. मी नाही वाचलं आणि अजून एक मार खाल्ला, पेढी, कुपवाडचं गोडाऊन आणि तासगावचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज अशा तीन मशिनांची यादी व्हाइल रीड या लूपनं एकेक ओळ वाचत एसएसएच करत होतो, तर फक्त पहिल्यावर काम व्हायचं आणि लूप संपायचा. एसएसएच उरलेली यादी स्वतःचं इनपुट समजून गिळत होतं. इनपुट वाचू नको असं सांगणारं डॅश एन लावलं, संपलं.

विंडोजवाल्यांनी फार आशा ठेवू नका, पीएक्स्पेक्टचा नेहमीचा स्पॉन तिथं चालत नाही, पाइपवाला वेगळा प्रकार आहे पण मग खोटं टर्मिनल नाही आणि बफरचं रडगाणं परत सुरू. बिलिंगच्या विंडोज मशिनवर मी तो नाद सोडला.

स्टार द्यायचे तर एक्स्पेक्टला साडेतीन, पीएक्स्पेक्टला साडेचार, आणि माझ्या त्या येसच्या पाइपला शून्य. आता दोन महिने झाले. गेल्या आठवड्यात परत लाईट गेली, रात्री अकरा बत्तीसला मेल आला की अर्धवट दिवस सापडला, एन दाबून थांबलोय. सकाळी आप्पांना दाखवला, त्यांनी चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, "बरं, आता बस हितं, आणि काल कुठवर झालंय ते बघ आधी."