टेडीचा किल्ट: चौकडा विणतानाच घालायचा की मागाहून रेघा ओढायच्या?

टेडी विणून झाला, हातपाय लागले, पोटात फायबर भरलं, आता त्याला किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा निऱ्यांचा स्कर्ट, घालून स्कॉटिश करायचाय. इथवर आलेली माणसं टोपीला अडत नाहीत, स्पोरनलाही अडत नाहीत (एक छोटी थैली, तीन गोंडे, झालं), मोजे तर कोणीही विणतं. अडतात ती किल्टच्या टार्टनवर, म्हणजे त्या रंगीत चौकड्यावर. कारण पट्टे येतात सगळ्यांना, पण उभ्या आणि आडव्या दोन्ही रेघा एकाच विणीत कशा आणायच्या हा प्रश्न उरतो, आणि त्याची दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे फेअर आयलसारखे (एका ओळीत दोन धागे चालवून नक्षी विणायची स्कॉटिश पद्धत) दोन रंग एकदम घेऊन विणतानाच चौकडा तयार करायचा. दुसरं म्हणजे नुसते आडवे पट्टे विणायचे आणि उभ्या रेघा नंतर क्रोशाने साखळी ओढून घालायच्या. मी एडिनबरोला राहते, दोन्ही पद्धतींनी किल्ट केलेत, त्यामुळे मत आहेच, पण आधी दोन्हींचं नीट सांगते.

तशी तिसरी पद्धतही आहे, इंटार्सियाची, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळं बॉबिन. आर्गाइल मोज्यांवरचे ते तिरके चौकोन तसेच करतात आणि मोज्यांवर ते सुंदर दिसतात, पण किल्टच्या रुंदीला इतकी बॉबिनं लोंबायला लागतात की प्रत्येक ओळ संपली की आधी गुंता सोडवा, मग पुढे विणा. ज्यांना ते आवडतं त्यांनी जरूर करावं, मी इथे धरत नाहीये.

तर आधी दोन रंग एकदम विणायची पद्धत. दिसायला हीच जास्त खरी दिसते, हे मान्य करायलाच हवं. खऱ्या टार्टनमध्ये बहुतेक वेळा उभ्या आणि आडव्या धाग्यांचा रंगक्रम एकच असतो, आणि लाल उभा धागा हिरव्या आडव्याला ओलांडतो तिथे दोघांचं मिश्रण दिसतं. म्हणून दोन रंगांत तीन छटा मिळतात आणि तीन रंगांत सहा. हे विणकामात आणायचं तर लाल चौकोन पूर्ण लाल, हिरवा चौकोन पूर्ण हिरवा, आणि मधल्या मिश्र चौकोनात एक टाका लाल एक हिरवा, वरच्या ओळीत उलटापालट. लांबून बघितलं तर डोळा आपोआप तिसरा रंग तयार करतो. शिवाय दोन रंगांच्या टार्टनमध्ये एका ओळीत दोनच रंग येतात त्यामुळे हाताला फार त्रास नाही. पहिल्यांदा हे जमतं ना, तेव्हा इतका आनंद होतो की माणूस पुढचं सगळं माफ करतो.

पुढचं म्हणजे काय तर एक, किल्ट हा सपाट तुकडा आहे, गुंडाळायचा. आणि दोन रंगांचं काम गोल विणायला सोपं, सपाट विणताना उलट ओळीला दोन्ही धागे सांभाळत बसावं लागतं, नक्षी मागून बघावी लागते. शेटलंडकडच्या (स्कॉटलंडच्या उत्तरेची बेटं) बायका यावर सरळ गोल विणतात आणि मग मध्ये कात्री चालवतात, त्याला स्टीक म्हणतात. तिकडची लोकर खरबरीत, टाके एकमेकांना धरून राहतात म्हणून ते उसवत नाही. ॲक्रिलिक किंवा मशीन-वॉश लोकर असेल तर कात्री लांबच ठेवा. दोन, मागे लोंबणारे धागे. चौकोन पाच टाक्यांपेक्षा रुंद झाला की धागा मध्ये अडकवून घ्यावा लागतो, नाहीतर लहान मुलाचं बोट त्यात हमखास जातं. पण हे दोन्ही जमवून घेता येतं हो. सवयीचा भाग आहे.

माझं खरं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. टेडी बसत नाही.

म्हणजे बघा, किल्टला पुढून सपाट भाग आणि मागे सगळ्या निऱ्या. माणसाच्या पूर्ण किल्टला आठ यार्ड, म्हणजे सव्वासात मीटरच्या वर कापड जातं, आणि त्यातलं बरंचसं त्या मागच्या निऱ्यांत. निरी म्हणजे कापडाचे तीन थर एकावर एक. आता दोन रंगांच्या विणीत प्रत्येक थराच्या मागे दुसऱ्या रंगाचा धागा फिरतोय, म्हणजे विणच जवळपास दुप्पट जाड. तिथे तीन थर म्हणजे सहा थरांची जाडी झाली, आणि ती सगळी नेमकी टेडीच्या बुडाखाली. एक फूटभर उंचीचं अस्वल, त्याच्या मागे एवढी गादी, ते टेकणार कशावर? भिंतीला लावलं तरी हळूहळू पुढे कलतं आणि नाकावर पडतं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर किल्ट, रंग, नक्षी राहिली बाजूला, तिने पहिलं विचारलं, "अगं, हा सारखा नमस्कार कशाला घालतोय?" पायात वजन भरून बघितलं, शेपटीकडे फायबर कमी करून बघितलं, फरक पडतो पण थोडाच. निऱ्या कमी केल्या तर बसतो, मग तो किल्ट न दिसता नुसता चौकड्याचा स्कर्ट दिसतो. आणि निऱ्या पडतही नाहीत नीट, फुगून उभ्या राहतात, इस्त्रीची वाफ दिली की दोन दिवस बऱ्या आणि परत तेच. उभं करून कपाटात ठेवायचं शोचं अस्वल असेल तर हा प्रश्नच येत नाही हे खरं, पण मी मुलांसाठी विणते आणि मुलं खेळणं आधी बसवतात, मग त्याला जेवू घालतात.

दुसरी पद्धत या बाबतीत फारच समंजस आहे. आडवे पट्टे एका वेळी एकाच रंगाने, त्यामुळे वीण एकेरी, मऊ, पातळ. जिथे उभी रेघ हवी तिथे एक टाका उलट विणत जायचं, म्हणजे सुलट विणीत एक उभी पन्हळ तयार होते, आणि सगळं विणून झाल्यावर त्या पन्हळीतून क्रोशाने खालून वर साखळी ओढायची, ओळीला एक टाका. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे निऱ्याही अशाच फुकट मिळतात. उलट टाक्याच्या उभ्या रांगेवर कापड आत दुमडतं, आणि बाहेरच्या घडीसाठी सुलट ओळीला एक टाका न विणता नुसता सरकवायचा, तिथे कडक धार येते. म्हणजे घडी कुठे पडायची ते विणीतच ठरलेलं, इस्त्री नको काही नको. फक्त एक ध्यानात ठेवा, घडीच्या पन्हळीत साखळी घालायची नाही, ती भरली की दुमडत नाही. रेघेच्या पन्हळी वेगळ्या, घडीच्या वेगळ्या.

टाक्यांचा हिशोब जरा करून घ्या. माझ्या हाताला ४ मिमीच्या सुयांवर (आपल्याकडच्या ८ नंबरच्या) डीके (मध्यम जाडीच्या) लोकरीचे १० सेंमीत २२ टाके आणि ३० ओळी येतात. म्हणजे चौकोन ११ टाके रुंद हवा असेल तर १५ ओळी उंच करावा लागतो, नाहीतर सगळे चौकोन बसके दिसतात. टेडीचं अंग मात्र १० नंबरवरच घट्ट विणलेलं बरं, नाहीतर फायबर बाहेर डोकावतं. मागच्या भागाला कमरेच्या तेवढ्या भागाच्या मापाच्या तिप्पट टाके लागतात हे विसरू नका, पुढची दोन पाखं (एकावर एक येणारे सपाट भाग) धरून टाके दीडशेच्या आसपास जातात. वरचं पाखं डावीकडून येऊन टेडीच्या उजव्या हाताला उघडतं, आणि किल्टची शोभेची पिन टोचायची ती फक्त वरच्या पाखात. लहान मुलाचं खेळणं असेल तर खरी पिन नकोच, करड्या धाग्याने भरतकाम करून टाका.

आता या पद्धतीचं जे वाईट आहे तेही सांगते. एक तर मिश्र छटा येत नाही, साखळीची रेघ पट्ट्याच्या वर बसते, मिसळत नाही. बारीक नजरेने बघणाऱ्याला हे टार्टन न वाटता टार्टनचं चित्र वाटेल. दुसरं म्हणजे टोकं. प्रत्येक रेघेची वर एक, खाली एक. वरची कमरपट्ट्यात जातात पण खालची एकेक करून मागे लपवावी लागतात आणि ते काम रटाळ आहे, गाणी लावून बसावं लागतं. यावर थोडा उपाय आहे, तो खरे किल्ट शिवणारेच वापरतात. ते निऱ्या दोन तऱ्हेने घालतात, एक तर अशा की मागेही पूर्ण चौकडा जुळून दिसेल, नाहीतर प्रत्येक निरीवर एकच ठरावीक रेघ येईल अशा, फौजेतल्या किल्टची ही दुसरी तऱ्हा. आपण दुसरी घ्यायची. मागे प्रत्येक निरीच्या दिसणाऱ्या भागावर एकच साखळी, आतल्या घड्या कोऱ्या. निम्मी टोकं तिथेच वाचतात. आतलं कोणाला दिसणार नाही म्हणा, पण मुलं हातात घेतल्या घेतल्या किल्ट वर करूनच बघतात, ते एक आहे.

कुठलं टार्टन घ्यायचं यावरही थोडं अवलंबून आहे. रॉयल स्ट्युअर्टमध्ये लाल जमिनीवर पिवळ्या, पांढऱ्या बारीक रेघा असतात, त्या दोन रंगांच्या विणीत बसतच नाहीत, तिसरा धागा घ्यावा लागतो, म्हणजे तिथेही शेवटी साखळीच ओढणार. मग सगळ्याच रेघा तशा का नकोत? ब्लॅक वॉच गडद निळं, हिरवं, काळं, त्यात पट्टे रुंद आणि छटांचीच मजा, तिथे दोन रंगांची पद्धत उठून दिसते, फक्त दिवसाउजेडी विणा, दिव्याखाली काळा कुठला आणि निळा कुठला ते कळत नाही. खरी नक्षी जशीच्या तशी उतरवायचा हट्ट कुठेच धरू नका. स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स म्हणून सरकारी नोंदणी आहे, २००९ पासून सुरू आहे, तिथे रंग बघून घ्या आणि मोठ्या रेघा तेवढ्या उचला. टेडीच्या पुढच्या पाखात जागा आहे तीस-पस्तीस टाक्यांची.

दोन रंगांची वीण शिकलेली असेल तर ती वाया जात नाही बरं का. ग्लेनगॅरी टोपी असते ना, होडीसारखी, मागे दोन रिबिनी आणि वर लाल गोंडा, तिच्या काठाला बऱ्याचदा लाल-पांढऱ्या चौकटींची पट्टी असते. तिथे हीच जाड वीण हवी, टोपी ताठ उभी राहते. आणि फेअर आयलचं नाव झालं ते स्वेटरमुळे, १९२० च्या दशकात प्रिन्स ऑफ वेल्सने गोल्फ खेळताना घातला तेव्हापासून. स्वेटरला निऱ्या नसतात. टेडीला किल्टवर तसा बिनबाह्यांचा स्वेटर विणला तर दोन्ही हौशी भागतात, फक्त मग स्वेटर नक्षीचा आणि किल्ट साधा दोन रेघांचा ठेवा, दोन्ही भरगच्च केलं की अस्वल दिसतच नाही.

तर तुमचं अस्वल उभं राहणार असेल, ब्लॅक वॉच घालणार असेल आणि तुम्हाला गोल विणून कात्री चालवायची भीती वाटत नसेल तर पहिली पद्धत घ्या, काही हरकत नाही. बाकी सगळ्यांना मी साखळीच सांगीन. साखळ्या निऱ्या शिवायच्या आधी, तुकडा सपाट असतानाच ओढून घ्या, आणि क्रोशा विणायच्या सुईपेक्षा अर्धा मिमी मोठा घ्या, म्हणजे साडेचारचा. घट्ट ओढली गेली तर किल्ट खालून वर गोळा होतो आणि मग अख्खी रेघ उसवावी लागते.