वर्डचं ‘वेब पेज, फिल्टर्ड’ की पॅनडॉक?

अंबाजोगाईच्या दिवाळी अंकाचे लेख वेबवर चढवायचे, तर वर्डमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’ करून ‘वेब पेज, फिल्टर्ड’ निवडलं की झालं. पण फाइल उघडून बघा: परिच्छेदागणिक वर्डची ‘एमएसओनॉर्मल’ ही खूण आणि फॉन्ट-मार्जिनचा पसारा. मोबाइलवर तो नडतो.

पॅनडॉक म्हणजे एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलून देणारं, २००६ पासूनचं फुकट सॉफ्टवेअर. ते कमांड देऊन चालवावं लागतं, शिवाय जुनी डॉक फाइल घेत नाही. आधी डॉकएक्स करा. निघतं मात्र चोख: मथळे, परिच्छेद, तळटीपा, बस्स. फक्त मथळ्याला ‘हेडिंग’ स्टाइल हवी. नुसतं ठळक केलेलं ठळकच राहतं. माझं मत पॅनडॉकला.

मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात असेल, तर दोन्हीकडे गत तीच. वाचकाकडे तो फॉन्ट नसला की ‘मराठवाडा’ची अगम्य रोमन अक्षरं दिसतात. तेव्हा आधी युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, करून घ्या.