पुढचा पाळक कोणाकडून मागायचा? अँग्लिकन-मेथडिस्ट संयुक्त मंडळीपुढचे दोन रस्ते

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली आपली ख्रिस्ती कुटुंबे बहुधा घराजवळ जे चर्च असेल तिथे जाऊ लागतात. कधी कधी त्या चर्चच्या पाटीवर नावे दोन असतात: चर्च ऑफ इंग्लंड (म्हणजेच अँग्लिकन) आणि मेथडिस्ट. इमारत एक, रविवारची उपासना एक, कौन्सिलही एक. नगर, पुणे, नागपूरच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत वाढलेल्याला यात काही नवल वाटत नाही. काही वर्षे नियमित गेला, उपासनेनंतर चहाचे कप विसळायला उभा राहिला, की त्याला कौन्सिलवरही घेतात. मग पाळकबाई निवृत्त होणार असे जाहीर होते आणि पुढच्या बैठकीत विषय निघतो, नवा पाळक अँग्लिकनांकडून मागायचा की मेथडिस्टांकडून? ज्यांना त्या बैठकीत हात वर करायचा आहे त्यांच्यासाठी हा आढावा.

एक गैरसमज आधी दूर करू. आपल्याकडे मेथडिस्ट म्हटले की बिशप असलेले मेथडिस्ट चर्च इन इंडिया डोळ्यांपुढे येते. ती अमेरिकन मिशनची परंपरा. १९७०मध्ये अनेक चर्च एकत्र येऊन सीएनआय झाले, त्या ऐक्यात ती आली नाही. सीएनआयमध्ये आले ते ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलेशियन कॉन्फरन्सचे मेथडिस्ट. इंग्लंडच्या मेथडिस्टांना बिशप नाहीत. सर्वोच्च अधिकार दर वर्षी भरणाऱ्या कॉन्फरन्सचा, आणि तिचा अध्यक्षही वर्षभरापुरताच. रविवारी बाकावर बसणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. पाळक नेमायची वेळ आली की मात्र सगळे तिथेच येऊन अडते.

बैठकीत चर्चा भलतीकडेच जाते. झगा घालणारा हवा की साध्या कपड्यातला, गीते चार्ल्स वेस्लीची की गिटारवरची, उपदेश किती लांब. ही त्या त्या माणसाची आवड असते. गिटारवाले अँग्लिकन आणि झगेवाले मेथडिस्ट दोन्ही भरपूर सापडतात. ठरवायचे ते वेगळ्याच गोष्टींवर: माणूस येतो कसा, टिकतो किती आणि आल्यावर कायद्याने काय काय करू शकतो.

जाहिरात की बदली

आपल्या ओळखीच्या भाषेत सांगायचे तर अँग्लिकन पद्धत कॉलेजातल्या प्राध्यापकाच्या जागेसारखी आहे आणि मेथडिस्ट पद्धत जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदलीसारखी.

अँग्लिकन बाजूला प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, एक पेट्रन असतो, म्हणजे रिकाम्या जागेसाठी नाव सुचवण्याचा हक्क असलेला. तो बिशप असेल, राजसत्ता असेल, ऑक्सफर्ड-केंब्रिजचे एखादे कॉलेज असेल, नाहीतर जुन्या जमीनदार घराण्याचा वारस. या सगळ्याला इनामदारीचा वास आहे खरा, पण १९८६च्या कायद्याने पेट्रनला चांगलीच वेसण घातली. जागा रिकामी होणार असे कळले की चर्च कौन्सिलने बैठक घेऊन पॅरिशची परिस्थिती, गरजा आणि परंपरा लिहून काढायच्या आणि दोन प्रतिनिधी निवडायचे. हे प्रतिनिधी बहुधा चर्चवॉर्डन, म्हणजे मंडळीने निवडलेले कारभारी, असतात. या बैठकीला मावळत्या पाळकांना किंवा त्यांच्या जोडीदाराला बसता येत नाही. नियम वरवर तुसडा वाटतो, पण पाळकसाहेबांसमोर ‘आम्हाला आता वेगळ्या स्वभावाचा माणूस हवा’ असे कोण म्हणणार?

त्यानंतर चर्च टाइम्स या साप्ताहिकात आणि चर्चच्या नोकरीच्या संकेतस्थळावर जाहिरात येते, अर्ज, निवडक उमेदवार, दिवसभराच्या मुलाखती. पेट्रनने निवडलेल्या नावाला दोन्ही प्रतिनिधींची संमती लागते. त्यांनी नकार दिला तर पेट्रन आर्चबिशपकडे दाद मागू शकतो, पण तिथवर सहसा जात नाही. म्हणजे पॅरिशच्या हातात खरा नकाराधिकार आहे. बिशपने जागा ‘स्थगित’ ठेवून प्रभारी पाळक नेमायचे ठरवले, तर हा हक्क बराच पातळ होतो आणि निर्णय बिशपकडे जातो. म्हणून जागा स्थगित आहे का, हे पहिल्याच बैठकीत आर्चडीकनना, म्हणजे बिशपच्या वतीने कारभार बघणाऱ्या याजकांना, स्पष्ट विचारा.

मेथडिस्टांकडे पेट्रन नाही, जाहिरात नाही, उमेदवारांची रांगही नाही. पाळक स्थानिक मंडळीचा नसतोच, तो सर्किटचा असतो, म्हणजे आसपासच्या अनेक मंडळ्यांच्या गटाचा. सर्किट आपली माहिती लिहून पाठवते. ज्या पाळकांची बदली व्हायची आहे तेही आपली माहिती पाठवतात. शरद ऋतूत देशभरच्या डिस्ट्रिक्टचे (अनेक सर्किटांच्या विभागांचे) अध्यक्ष आणि त्यांच्याबरोबरचे सामान्य सभासद एकत्र बसतात आणि एका सर्किटसमोर एक नाव ठेवतात. ते पाळक भेटायला येतात, घर बघतात, मंडळीशी बोलतात. दोन्ही बाजूंना नाही म्हणता येते. मग पुढच्या फेरीत दुसरे नाव. चौघांना समोर बसवून त्यातला बरा निवडण्याची सोय नाही. शेवटी उन्हाळ्यात कॉन्फरन्स सगळ्या नेमणुकांवर शिक्का मारते आणि पाळक १ सप्टेंबरला रुजू होतो.

आपल्याकडे बिशपच्या सहीने बदली झाली की पेटी बांधून निघणारे पाळक ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही पद्धत लगेच कळते. इंग्रज अँग्लिकन सभासदांना मात्र ती पचत नाही. ‘एकच नाव? मग निवड कसली?’ असा सूर लागतो. माझे मत थोडे उलटे आहे. जाहिरातीच्या पद्धतीत गजबजलेल्या, पैसेवाल्या, सुंदर गावांना अर्ज येतात आणि औद्योगिक शहराच्या कडेच्या वसाहतीला कधी एकही येत नाही. जुळणीच्या पद्धतीत निदान सगळ्या देशाचा नकाशा एका टेबलावर असतो आणि ‘या जागेला कोणीतरी पाठवले पाहिजे’ असे म्हणणारे कोणीतरी तिथे बसलेले असते. अडचण इतकीच की टेबलावर जागा जास्त आणि माणसे कमी, त्यामुळे काही सर्किटांच्या पदरी काहीच पडत नाही.

किती दिवस थांबायचे, किती दिवस राहणार

अँग्लिकन घड्याळ कधीही सुरू होते. सगळे सुरळीत झाले तर सहा-आठ महिने, नाहीतर वर्ष लागणे नवीन नाही. मेथडिस्ट घड्याळ शाळेच्या वर्षासारखे एकदाच वाजते. पाळक मार्चमध्ये निघाल्या आणि सर्किटला आधी कल्पना नसली, तर नवा माणूस थेट पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरला. मधल्या काळात मेथडिस्ट बाजू उजवी ठरते, कारण तिच्याकडे स्थानिक उपदेशक आहेत, प्रशिक्षित सामान्य सभासद, जे तिमाही वेळापत्रकानुसार एरवीही बरेच रविवार सांभाळतात.

मेथडिस्ट पाळकाला पहिले निमंत्रण पाच वर्षांचे असते आणि दोन्ही बाजूंना हवे असल्यास वाढते. अँग्लिकन पाळक साधारणपणे स्वतः निघेपर्यंत किंवा सत्तराव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत राहू शकतो. माणूस चांगला निघाला तर दुसरे बरे, नाही निघाला तर पहिले. पगार आणि राहायचे घर दोन्हीकडे मिळते. पैसा धर्मप्रांताला दिलेल्या पॅरिशच्या वाट्यातून किंवा सर्किटला दिलेल्या वर्गणीतून जातो. घराचे मात्र आधी बघा. पाळक मेथडिस्ट आले तर सर्किटकडे मोकळे घर आहे का, आणि व्हिकरेजचे, म्हणजे अँग्लिकन पाळकाच्या घराचे, काय करायचे?

कोणाला काय करता येते

खरा गुंता इथे आहे.

अँग्लिकन याजक संयुक्त मंडळीत आला तर मेथडिस्ट चर्च त्याला आपल्या सभासदांची सेवा करण्याचा अधिकार देऊ शकते. मग तो दोन्ही पद्धतींचे प्रभूभोजन चालवतो आणि सर्किटच्या बैठकीतही बसतो. उलट बाजूने तसे होत नाही. मेथडिस्ट पाळकाची दीक्षा बिशपच्या हातून झालेली नसते, म्हणून चर्च ऑफ इंग्लंडच्या कायद्यात तो पॅरिशचा व्हिकर (मुख्य पाळक) होऊ शकत नाही आणि अँग्लिकन प्रभूभोजनाचे अध्यक्षपदही त्याला मिळत नाही. संयुक्त मंडळ्यांसाठीच्या कॅनन (चर्चचा नियम) बी ४४ प्रमाणे तो त्याच इमारतीत, त्याच लोकांसाठी मेथडिस्ट विधीने प्रभूभोजन चालवू शकतो. फक्त उपासना कोणत्या चर्चची आहे ते आधी कळवायचे. पॅरिशची कायदेशीर जबाबदारी कागदोपत्री कोणातरी अँग्लिकन याजकाकडे राहतेच.

लग्नाचेही तसेच. पॅरिशमध्ये राहणाऱ्याला, तो उपासनेला येवो न येवो, पॅरिश चर्चमध्ये लग्नाचा हक्क असतो. त्याची तीन रविवारी घोषणा होते आणि लग्न चर्च ऑफ इंग्लंडच्या याजकालाच लावावे लागते. तुमच्याकडे वर्षाला बरीच लग्ने होत असतील तर मेथडिस्ट पाळक असताना दर वेळी शेजारच्या व्हिकरला बोलवावे लागेल. समलिंगी जोडप्यांचा प्रश्नही आधीच बोलून घ्या: मेथडिस्ट कॉन्फरन्सने २०२१मध्ये त्यांच्या विवाहाला परवानगी दिली, चर्च ऑफ इंग्लंडमध्ये तसा विवाह लावता येत नाही.

प्याल्यातही दोन कायदे आहेत. मेथडिस्ट नियमाने प्रभूभोजनाचा द्राक्षारस बिनअल्कोहोलचा हवा, अँग्लिकन कॅननप्रमाणे तो आंबवलेला हवा. अनेक संयुक्त मंडळ्या दोन प्याले ठेवून मोकळ्या होतात. पाळक कोणीही असो, हे चालू राहते, त्यामुळे यावर बैठकीचा वेळ घालवू नका.

दोन्ही चर्चनी १ नोव्हेंबर २००३ रोजी लंडनमध्ये राणीच्या उपस्थितीत करारावर सह्या केल्या, तरी पाळकांची अदलाबदल अजून या अवस्थेत आहे. त्याआधी १९६९ आणि १९७२ असे दोनदा ऐक्य हुकले. मेथडिस्टांनी होकार दिला, अँग्लिकनांची मते आवश्यक ७५ टक्क्यांपर्यंत पोचली नाहीत. मेथडिस्ट अध्यक्षालाच बिशपची दीक्षा द्यावी, असा प्रस्ताव २०१७मध्ये आला. सिनडमध्ये, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रतिनिधी सभेत, त्यावर चर्चा झाल्या, गाडी पुढे गेली नाही. आपल्या लोकांना हे ऐकून थोडा अभिमान आणि थोडे हसू येणारच. नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी सीएनआय स्थापन झाले तेव्हा सहा परंपरांच्या पाळकांची सेवा एक करण्यात आली.

सोय आणि न्याय

आता या असमतोलाचा परिणाम बघा. अँग्लिकन पाळक दोघांचे सगळे करू शकतो, मेथडिस्ट पाळकाला थोडे कमी करता येते. सोयीने बघितले तर दर वेळी उत्तर अँग्लिकनच येणार. एकदा, दोनदा, तीनदा तसे झाले की मेथडिस्ट सभासदांना सर्किटशी जोडणारे कोणी उरत नाही. वर्गणी जात राहते, पण सर्किटच्या बैठकीला जाणारा शेवटचा माणूस थकतो आणि नाव फक्त पाटीवर राहते.

म्हणून माझा कल स्पष्ट आहे. मागचे दोन पाळक अँग्लिकन असतील तर या वेळी मेथडिस्ट मागा, थोडी गैरसोय सोसून. अपवाद दोन. पॅरिशला चर्च ऑफ इंग्लंडची शाळा जोडलेली असेल आणि लग्ने-अंत्यविधींचा राबता मोठा असेल, तर शेजारच्या व्हिकरवर तो भार टाकणे बरोबर नाही. अँग्लिकन घ्या, पण मेथडिस्ट चर्चकडून त्याची अधिकृत मान्यता पहिल्याच वर्षी करून घ्या, तोंडी आश्वासनावर ठेवू नका. दुसरा अपवाद, सर्किट तुम्हाला पूर्ण वेळचा माणूस देणार नसेल. चार मंडळ्या सांभाळणारा मेथडिस्ट पाळक आठवड्यातून दीड दिवस येणार आणि धर्मप्रांत पूर्ण वेळचा याजक द्यायला तयार असेल, तर तत्त्व बाजूला ठेवावे.

तिसरी वाटही आहे, तिची चर्चा सहसा होत नाही. सीएनआय किंवा सीएसआयचे (चर्च ऑफ साउथ इंडिया) पाळक बिशपच्या हातून दीक्षित असतात, त्यांचे चर्च अँग्लिकन परिवारात आहे आणि जागतिक मेथडिस्ट कौन्सिलचेही सभासद आहे. इंग्लंडमध्ये अशा पाळकाला आर्चबिशपची परवानगी लागते, व्हिसा आणि भाषेच्या अटी असतात, शिवाय इथली पद्धत शिकायला वेळ द्यावा लागतो. पण पॅरिशचे जे काम मेथडिस्ट पाळकाला कायद्याने करता येत नाही, ते त्याला परवानगीनंतर करता येते, आणि मेथडिस्टांनाही तो परका नाही. नाव सुचवताना ‘आपला माणूस’ म्हणून सुचवू नका, कौन्सिलवरचे इतर लगेच सावध होतात. दीक्षेचा मुद्दा मांडा.

बैठकीपूर्वी सेक्रेटरींकडून भागीदारीची घटना मागून घ्या. पाळक आलटून पालटून घ्यायचे का, नेमणुकीत दोन्ही चर्चचा सल्ला कसा घ्यायचा, हे बहुतेक त्यात लिहिलेले असते आणि ते कौन्सिलवर कोणी वाचलेले नसते. त्याच आठवड्यात आर्चडीकन आणि सर्किटचे सुपरिंटेंडंट (प्रमुख पाळक) या दोघांना एकाच पत्राने कळवा. सर्किटला उन्हाळ्याआधी कळले नाही तर एक अख्खे वर्ष हातचे जाते, आणि मग मत कोणाचे काहीही असो, निवड अँग्लिकनच होऊन बसते.