थ्रश की हेअरी ल्युकोप्लाकिया: इम्युनिटीचा अंदाज घ्यायला भरवसा कोणावर ठेवायचा?

दातांच्या ओपीडीत नवीन बसायला लागलं की हा प्रश्न येतोच, तोंडात पांढरं दिसलं तर एचआयव्हीची टेस्ट कधी सुचवायची आणि नुसतं औषध देऊन कधी पाठवायचं. अशा दोन खुणा म्हणजे थ्रश (तोंडातली बुरशी) आणि हेअरी ल्युकोप्लाकिया (जिभेच्या कडेचे पांढरे पट्टे). डब्ल्यूएचओच्या एचआयव्हीसाठीच्या क्लिनिकल स्टेजिंगमध्ये (लक्षणांवरून ठरवलेल्या आजाराच्या १ ते ४ पायऱ्या) टिकून राहिलेला थ्रश आणि हेअरी ल्युकोप्लाकिया दोन्ही स्टेज ३ मध्येच बसतात, म्हणजे कागदावर दोघांचं वजन सारखंच. मला तरी ते सारखं वाटत नाही.

आधी थ्रशबद्दल. तो खूप जास्त दिसतो आणि पेशंट स्वतःच तक्रार घेऊन येतो, तोंड झोंबतंय, चव लागत नाही वगैरे. गॉजने पुसलं की थर निघतो, खाली लालसर जागा दिसते, तिथल्या तिथे बऱ्यापैकी खात्री होते. गिळतानाही दुखत असेल तर तो अन्ननलिकेपर्यंत उतरलेला असू शकतो आणि मग गोष्ट थेट स्टेज ४ वर जाते, त्यामुळे गिळण्याबद्दल विचारायचंच. एक मात्र, थ्रशचा लाल प्रकारही असतो, टाळूवर नाहीतर जिभेच्या मधोमध नुसता लाल पट्टा, पांढरं काहीच नाही, तो घाईत हमखास सुटतो.

आता मला थ्रशचा खरा वैताग कुठे येतो ते सांगतो. त्याच्यासाठी सोयीचं कारण कायम हाताशी असतं. स्टेरॉइडचा इनहेलर चालू आहे, नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झालाय, शुगर वाढलीय, रात्री कवळी न काढताच झोपतात, तोंड कोरडं पडतं, यातलं काहीतरी सापडतंच आणि डॉक्टर-पेशंट दोघांचंही तिथेच समाधान होतं. वर फ्लुकोनॅझोल हे बुरशीचं औषध दिलं की थोड्याच दिवसांत तोंड स्वच्छ, पेशंट खूश, आणि टेस्टला सांगितलं होतं ते राहूनच जातं. बुरशी गेली पण सीडी-४ (इम्युनिटीच्या पेशींचा आकडा) जिथे होता तिथेच, आणि आपल्याला दिसणारी खूण मात्र आपणच पुसून टाकलेली. असे पेशंट पुढे बरेच आजारी होऊन परत आलेले बघितलेत, म्हणून हे जिव्हारी लागतं.

हेअरी ल्युकोप्लाकियाचं वेगळं आहे. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्यांदा याचं वर्णन झालं, मागे एपस्टीन-बार व्हायरस असतो. जिभेच्या कडेला, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना, उभ्या रेघांचे पांढरे पट्टे, पुसून निघत नाहीत, दुखत नाहीत. अँटिव्हायरल गोळीने कमी होतात पण गोळी थांबवली की परत येतात, आणि एआरटीने (एचआयव्हीवरच्या औषधांनी) इम्युनिटी सावरली की आपोआप जातात. मला हा आवडतो तो यासाठीच, इम्युनिटी सावरेपर्यंत खूण सहसा कायमची जात नाही.

अर्थात त्याच्याही अडचणी आहेत. पेशंटला पत्ताच नसतो, आपण जीभ गॉजने धरून बाजूला ओढून बघितली तरच दिसतो. धारदार दात घासून होणारा पांढरेपणा, तंबाखूचा ल्युकोप्लाकिया, लायकेन प्लेनस (तोंडात पांढऱ्या रेषा आणणारा आजार) हे सगळे याच्यासारखेच दिसू शकतात, पक्कं करायला बायोप्सी लागते. अवयव प्रत्यारोपणानंतरच्या औषधांवर असलेल्यांनाही होतो. आणि एआरटी आल्यापासून तो दुर्मिळच झालाय, त्यामुळे तो दिसला नाही म्हणून इम्युनिटी चांगली असं अजिबात धरू नका, सीडी-४ आणि व्हायरल लोड (रक्तातल्या एचआयव्हीचं प्रमाण) यांची जागा दोघांपैकी कोणीच घेऊ शकत नाही.

तुमच्याकडे कवळीवाले आणि दम्याचे पेशंट जास्त येत असतील तर थ्रशवरून लगेच निष्कर्ष काढणं अवघड जाईल, तिथे कारण दूर करूनही तो परत येतोय का हे बघणं जास्त कामाचं. पण थ्रशला दुसरं काहीच कारण नसेल तर वाट बघू नका, औषध आणि टेस्ट एकाच वेळी. एआरटीवर असलेल्या पेशंटमध्ये दोन्हींपैकी काहीही नव्याने दिसलं तर मी आधी गोळ्या चुकतायत का ते न रागावता विचारतो आणि व्हायरल लोड करायला पाठवतो.

दोन्ही बाजूंना उभ्या रेघा, जवळ धारदार दात नाही, प्रत्यारोपणाची हिस्ट्री नाही, असं असेल तर मी बायोप्सीच्या रिपोर्टसाठीही थांबत नाही, त्याच दिवशी पेशंटला शांतपणे समजावून, त्याची संमती घेऊन टेस्टसाठी काउन्सेलरकडे पाठवतो.